समोरच्या घरचं विरजण

आमच्या घरात दही मी जमवतो. पुण्याहून आलेली सून पहिल्यांदा हे ऐकून हसली होती. तिच्याकडे म्हणे दही लावतात, जमवत नाहीत. म्हटलं, बाई, लावा नाही तर जमवा, सकाळी चमचा उभा राहिला पाहिजे. सगळी हयात वीज मंडळात लोकांच्या तक्रारी ऐकण्यात गेली, त्यामुळे माझं डोकं जरा लवकर तापतं हे मी कबूल करतो. पण दुधापुढे मी कधी घाई करत नाही. दूध उकळायचं, बोटाला सोसेल इतकं कोमट होऊ द्यायचं, चमचाभर विरजण फेटून घालायचं आणि मग सकाळपर्यंत भांड्याला हात लावायचा नाही. हे मला आईनं शिकवलं, आणि तिला तिच्या सासूनं. आमचे पूर्वज संस्थानच्या दप्तरात कारकुनी करायला माळव्यात आले तेव्हा दौत-लेखणीबरोबर दह्याची लोटीही घेऊन आले, असं आई सांगायची. मला ती थाप वाटते, पण तिच्या तोंडावर तसं म्हणायची माझी छाती नव्हती.

आमच्या समोरच्या घरात भाभी राहतात. माणूस सोन्यासारखं, पण दही जमवण्याच्या बाबतीत शून्य. कधी घरातलं सगळं दही कढीत ओततात, कधी मुलं चाटून पुसून भांडं रिकामं करतात, आणि मग वाटी घेऊन आमच्या दारात. "भाईसाहब, थोड़ा जामन मिलेगा?" विरजणाला इकडे जामन म्हणतात. मी देतो, पण कुरकुर केल्याशिवाय देत नाही. बायको म्हणते, चमचाभर दह्यासाठी किती तो जीव! मी म्हणतो, चमचाभर नाही, प्रश्न शिस्तीचा आहे. माणसानं खायच्या आधी उद्याची वाटी बाजूला काढून ठेवायला नको का?

तर अशा दह्या-दुधाच्या घरात आमची नात जन्माला आली, आणि तिला दूध चालेना.

आली तीच घाईत. आठव्या महिन्यात, ऑपरेशन करून, एवढीशी. जन्मल्या जन्मल्या छातीत संसर्ग, म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि जोरदार अँटिबायोटिक सुरू केली. सून वेगळ्या खोलीत तापानं फणफणलेली, तिला दूध उशिरा आलं. मधले दिवस पोरीनं सलाइनवर आणि नळीतून जे मिळेल त्यावर काढले. पण तगली. घरी आली, अंगावरचं दूध प्यायला लागली, गालांवर रंग आला. सहा महिन्यांची झाल्यावर आम्ही थाटात उष्टावण केलं. चांदीच्या वाटीत तांदळाची खीर, मांडीवर घेऊन बसलेला मामा, समोर फोटो काढणारे सगळे. मामानं दोन चमचे भरवले. तिसरा तोंडाशी नेला तोवर तिचे ओठ सुजले होते. मग अंगावर गांधी, मग उलटी, मग ती मान टाकून गप्प झाली. मुलानं तिला उचललं आणि आम्ही अनवाणीच गाडीत बसलो. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिल्यावर ती रडली. पोरीच्या रडण्याचा मला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता.

इंदूरला लहान मुलांच्या ॲलर्जीचीच एक डॉक्टर आहे, तिच्याकडे गेलो. वयानं माझ्या मुलीएवढी, बोलणं शांत. तपासण्या करून तिनं सांगितलं की गायी-म्हशीच्या दुधाची ॲलर्जी आहे. मी म्हटलं, आमच्या सात पिढ्या दुधावर वाढल्या, हिलाच का? मग तिनं कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. जन्मताना आईच्या अंगावरून, मग तिच्या दुधातून, घरातल्या माणसांच्या हातांतून असंख्य सूक्ष्म जीव बाळाच्या आतड्यात जाऊन वस्ती करतात. ही वस्ती बसता बसता शरीर शिकत असतं, कोण पाहुणा आणि कोण चोर. ती नीट बसायच्या आधीच उठली किंवा उशिरा बसली, तर कधी कधी हे शिक्षण अर्धवट राहतं, आणि शरीर दुधालाच चोर समजून काठी घेऊन धावतं. कधी कधी, हे तिनं पुन्हा सांगितलं. घराण्यातून आलेलं काही असतं, त्वचेचं काही असतं, आणि हिच्या बाबतीत नेमकं काय झालं हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही.

मला ते लगेच पटलं. दूध फार तापलेलं असताना विरजण घातलं तर ते मरतं, आणि उशिरा घातलं तर दुधात दुसरंच काहीतरी शिरून बसतं, हे मला कोणी शिकवायला नको. पण सून खाली मान घालून बसली होती. तिनं हळूच विचारलं, ती औषधं दिली नसती तर? डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

"दवा न देते तो ये आज गोद में न होती," ती म्हणाली. "इसमें किसी की गलती नहीं है."

सून तिथे रडली. मी खिडकीबाहेर बघत बसलो, कारण मलाही आवरत नव्हतं. मग विषय बदलावा म्हणून मी विचारलं, दह्यात तर चांगले जीव असतात, मग आमच्या घरचं थोडं दही दिलं तर? डॉक्टर हसली. म्हणाली, दादाजी, दही म्हणजे दूधच, कपडे बदललेलं. एक थेंबही द्यायचा नाही. आणि दह्यातले जीव बहुतेक वाटसरू असतात, येतात आणि पुढे जातात, लगेच घर करून राहत नाहीत. मुलं मोठी होता होता बऱ्याच जणांची ही ॲलर्जी जाते. वाट बघा. तोवर इंजेक्शन कायम जवळ ठेवा.

उज्जैनमध्ये दुधाशिवाय राहायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. या गावात तुमच्यावर ज्याचं प्रेम असेल तो तुमच्या तोंडात दुधाचं काहीतरी घालतो. संध्याकाळी टावर चौकात फिरायला जावं तर कुल्फी, रबडी, मावा. कोणाकडे जेवायला जावं तर तुपात बुडवलेले कणकेचे बाफले. रामघाटावर जावं तर गुरुजी विचारत नाहीत, सरळ हातावर पळीभर पंचामृत. लोकांना समजावून माझा घसा बसायचा. एक म्हणे देशी गायीचं देऊन बघा, दुसरा म्हणे रोज थोडं थोडं चाटवा, तिसऱ्यानं मोबाइलवर कसल्याशा पुड्यांची जाहिरात पाठवली, आतड्यात चांगले जीव सोडणाऱ्या. डॉक्टरला विचारलं तर ती म्हणाली, त्यावर अभ्यास चालू आहेत, हिच्यासाठी घ्या असं सांगण्याइतकं अजून माझ्याकडे काही नाही. मग मी त्या तिसऱ्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोरगी मात्र हुशार. तिचं पहिलं पूर्ण वाक्य, 'मला दूध चालत नाही'. घाटावर गुरुजी पळी पुढे करत तेव्हा ती दोन्ही हात पाठीमागे घ्यायची आणि गंभीरपणे हे वाक्य ऐकवायची. गुरुजींनी मग तिच्यासाठी खडीसाखर ठेवायला सुरुवात केली.

घरात सुनेनं चमचे, भांडी, घासण्यासुद्धा वेगळ्या केल्या. बायकोनं भुट्ट्याचा कीस नारळाच्या दुधात करून बघितला, तो आम्ही सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ला. माझं दही फ्रिजच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात गेलं, लाल झाकणाच्या डब्यात. मी ते मागच्या ओट्यावर एकटा बसून खायचो, हात धुवायचो, चूळ भरायचो आणि मगच तिला उचलून घ्यायचो. कोणाला बोललो नाही, पण फार वाईट वाटायचं. आईनं दिलेली एकच गोष्ट मला नीट येते, आणि नेमकी तीच नातीला देता येत नाही.

आता ताईची गोष्ट. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. पंगतीत वाढायला उभी राहिली की अजून कोणाला पुढे येऊ देत नाही. त्या वर्षी गौरी जेवणार होत्या. नात चार वर्षांची. तिचं सगळं वेगळं शिजवलं होतं, ताट वेगळं, वाढायचे डाव वेगळे, आणि ताईनं स्वतः दहा वेळा खात्री केली होती. सगळे बसले. आता आमच्यात पानावर भात वाढला की जेवण सुरू होण्याआधी प्रत्येक भातावर तुपाचे चार थेंब पडतात. ती अन्नशुद्धी. ते तूप कोणी वाढलं असं म्हणत नाही आणि कोणी खाल्लं असंही म्हणत नाही. तो एक संस्कार असतो, हात आपोआप चालतो. ताई तुपाची वाटी घेऊन दाजींना काहीतरी टोचून बोलत बोलत पंगतीतून गेली, आणि मोठ्यांच्या पानांवर पडलं तसं नातीच्या भातावरही तूप पडलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. लहान पोरगी, भूक लागलेली, तिनं निम्मी मूद संपवली. मग सुनेनं तिच्या भाताची चकाकी बघितली.

सून उठली, मुलगा उठला, इंजेक्शन बाहेर निघालं, बायकोनं तिचं तोंड धुतलं. डॉक्टरला फोन लावला, तिनं काय काय बघायचं ते सांगितलं आणि मुलानं गाडी दारात लावून ठेवली. पंगत तशीच, पानं वाळताहेत, आणि आम्ही सगळे गोल करून एका पोरीच्या ओठांकडे बघत बसलो. हनुवटीवर दोन लाल ठिपके आले. थोड्या वेळानं तेही गेले. पोरगी म्हणाली, मी आता पुरणपोळी खाऊ का? तिची पुरणपोळी तेलावर भाजलेली होती. आम्ही दिली.

ताई देवघरासमोर बसून रडत होती. या हातांनी मी पोरीला मारलं असतं रे, म्हणाली. खूप समजावलं, पण तिनं त्या दिवशी तुपाची वाटी खाली ठेवली ती ठेवलीच. पुढे आमच्याकडे कितीदा जेवण झालं, पण ताई वाढायला उभी राहिली नाही. पाटावर बसून राहायची, पाहुण्यासारखी. तिला तसं बघून मला तिच्यावरच राग यायचा.

डॉक्टरनं आधी आम्हाला धारेवर धरलं, असले प्रयोग चुकूनही पुन्हा नकोत म्हणून. मग म्हणाली, तुपात दुधाचा अंश फार थोडा, त्यावरून काही ठरत नाही, पण आता पुन्हा तपासायला हवं. तपासण्यांचे आकडे खाली आले होते. मग सुरू झाली एक एक पायरी, प्रत्येक नवी पायरी डॉक्टरच्या डोळ्यांसमोर. आधी दूध घालून खूप वेळ भाजलेलं बिस्किट, त्याचा कण, मग तुकडा. ते पचल्यावर बायकोनं विचारलं, दशमी चालेल का? डॉक्टरला दशमी माहीत नव्हती. बायकोनं तिला हिंदीतून समजावलं, पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवायची, प्रवासाला नेतात ती पोळी. डॉक्टर खूश झाली, म्हणाली त्या पायरीवर पोचलो की जरूर. असं करत करत दीड-दोन वर्षांनी एक दिवस तिला इंदूरच्या दवाखान्यात दिवसभर ठेवून साधं दूध पाजलं. आधी थेंब, मग चमचा, मग थोडं जास्त, शेजारी ट्रेमध्ये सगळी औषधं तयार. संध्याकाळपर्यंत कपभर दूध पोटात गेलं आणि पोरगी पलंगावर उड्या मारत होती. डॉक्टर म्हणाली, झालं. आता हिला दूध-दही नेमानं देत राहा, शरीराला विसरू देऊ नका.

आम्ही पेढे घेऊन घरी आलो. आणि पोरीनं तोंड घट्ट मिटलं.

दवाखान्यात डॉक्टर होती म्हणून प्याली. घरी नाही. मला दूध चालत नाही, एवढंच म्हणायची. बिस्किट खाईल, दशमी खाईल, पण पांढरं दिसलं की हात पाठीमागे. आमिषं दाखवली, गोष्टी सांगितल्या, मुलगा एकदा रागावलासुद्धा. मी त्याला गप्प केलं. आपणच सगळ्यांनी मिळून तिला जन्मभर शिकवलं की दूध म्हणजे जिवाला धोका. आता आपणच म्हणतोय, पी. तिनं का ऐकावं? पण काळजी मलाही वाटत होती. शरीर शिकलेलं विसरलं तर पुन्हा पहिल्या पायरीवर.

त्याच सुमाराला सुनेला दुसरं मूल झालं, मुलगा. घरात मूल जन्मलं की आमच्यात बोडण भरतात. चार सवाष्णी आणि एक कुमारिका परातीभोवती बसतात, परातीत देवी, पुरण आणि पंचामृत, आणि पाचही जणी ते हातांनी कालवतात. कुमारिका म्हणजे त्या दिवसापुरती देवीच. तिला विचारायचं, काय हवं? ती मागेल ते परातीत घालायचं, ती पुरे म्हणेपर्यंत. पुरुषांनी तिकडे बघायचंही नाही. मग ते सगळं गायीला जातं. नातीच्या जन्माच्या वेळी कुमारिका शोधायला अख्खी गल्ली पालथी घातली होती. आता घरातच होती. मोठ्या बायका तुझा हुकूम ऐकणार, हे समजल्यावर ती लगेच तयार झाली. परातीत दूध असेल, सुनेनं सांगितलं. ती म्हणाली, खायचं नाही ना? मग बसते.

डॉक्टरनं हरकत नाही म्हणून सांगितलं. ताईला बायकोनं हाताला धरून आणलं. ताई नको नको म्हणत होती, पण कुमारिकेनं पहिला हुकूम सोडला की आत्याआजीच वाढणार. देवीची आज्ञा, मोडणार कोण? मी आदल्या रात्री मोठ्या पातेल्यात दही जमवलं होतं. दार लोटलं गेलं आणि मी बाहेर बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसलो. त्यातलं एक अक्षर वाचलं नाही.

आतून ताईचा आवाज आला, बोल देवी, काय हवं? मग बारीक आवाजात, "साखर." मग मध. मग पुन्हा साखर. मी मनात म्हटलं, लबाड आहे पोरगी, बरोबर चुकवतेय. ताईनंही घाई केली नाही. पुन्हा विचारलं. बांगड्यांचा आवाज येत होता, कालवणं चालू होतं.

"दही," ती म्हणाली. "आबांचं."

माझ्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं. ताई वाढत होती. अजून, पोरगी म्हणाली. अजून. बायका हसायला लागल्या, आणि थोड्या वेळानं दाराच्या फटीतून बायकोचा हात बाहेर आला. अहो, पातेलं संपलं, ती अजून मागतेय, फ्रिजमधली वाटी द्या. फ्रिजमधली वाटी म्हणजे उद्याचं विरजण. मी एक क्षण उभा राहिलो. मग दिली. कुमारिकेला नाही म्हणत नसतात.

बाहेर आली तेव्हा ती कोपरापर्यंत बरबटलेली होती. माझ्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात उलटेपालटे करून तिनं स्वतःच नीट तपासले, मला दाखवले.

"आबा, काही झालं नाही."

मी तिला तशीच उचलली. सदऱ्याचं वाटोळं झालं, बायको ओरडली, मी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी दूध कोमट झाल्यावर लक्षात आलं, घरात विरजण नाही. आईच्या काळापासून पहिल्यांदा. शिस्तीचा एवढा तोरा मिरवणारा मी, रिकामी वाटी घेऊन रस्ता ओलांडून गेलो. भाभींना संकोचत विचारलं. त्या आतून वाटीभर दही घेऊन आल्या.

"भाईसाहब, आपका ही तो है," त्या म्हणाल्या. "पिछले हफ्ते आपके यहाँ से ले गई थी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दही जमलं होतं, घट्ट, कडेला जरा पाणी. मी ओट्यावर माझी वाटी घेऊन बसलो. नात आली, शेजारी बसली, वाटीत बघत राहिली. तिनं विचारलं, हे आपलंच ना? म्हटलं, हो, आपलंच, भाभींकडे राहून आलंय. तिनं तोंड उघडलं. मी अर्धा चमचा भरवला. तिनं तो तोंडात धरून ठेवला, गिळला, आणि म्हणाली, आंबट आहे, साखर घाला.

माझ्या दह्याला आजवर कोणी आंबट म्हटलेलं नाही. मी उठून साखर आणली. तिनं वाटी संपवली आणि ओठाला बोट लावून बघितलं. बायको दारात उभी होती, पदरानं डोळे पुसत. म्हणाली, चला, पोरीचं उष्टावण झालं एकदाचं.